दम्याची फाइल, हृदयाचं पान

२००७ साली ‘टॉर्च’ नावाच्या एका मोठ्या औषधचाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ४२ देशांतले सहा हजारांवर रुग्ण, सगळ्यांना सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा फुप्फुसाचा आजार, आणि सगळ्यांची फुप्फुसं निम्म्याच्या आसपास कामातून गेलेली. इन्हेलरमधल्या औषधानं आयुष्य वाढतं का, एवढाच प्रश्न होता. उत्तर ‘बहुधा हो’ असं आलं, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर ते केसभरानं हुकलं. त्या औषधाची चर्चा पुढं बरीच झाली. त्याच चाचणीत एका समितीनं निमूटपणे केलेलं काम मात्र मला जास्त मोलाचं वाटतं. रुग्ण कोणतं औषध घेत होता हे या तज्ज्ञांना सांगितलेलं नव्हतं. त्यांच्यापुढं फक्त ९११ मृत्यूंचे कागद होते आणि प्रत्येक माणूस नेमका कशानं गेला, हे त्यांना ठरवायचं होतं.

फुप्फुसाच्या आजारानं गेलेले ३५ टक्के भरले. कर्करोगानं गेलेले २१ टक्के. आणि हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारानं गेलेले एक चतुर्थांशाहून थोडे जास्त. हे सगळे छातीच्या डॉक्टरांचे रुग्ण होते, छातीच्या औषधाच्या चाचणीत आलेले. तरी दर चारांतला एक हृदयानं गेला.

आजार अजून सौम्य असेल तर पारडं आणखी हृदयाकडं झुकतं. अमेरिका-कॅनडातल्या ‘लंग हेल्थ स्टडी’त ५,८८७ धूम्रपान करणारे होते आणि त्यांच्या फुप्फुसांचा बिघाड तुलनेनं कमी होता. त्यांच्यापैकी जे पुढं रुग्णालयात दाखल झाले, त्यांच्या पहिल्या दाखल्यांपैकी ४२ टक्के हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणानं होते. श्वसनमार्गाच्या संसर्गानं दाखल होणारे होते १४ टक्के.

आपल्याकडं सीओपीडीला त्याच्या नावानं कुणी ओळखत नाही, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. लोकांच्या तोंडी सगळा ‘दमाच’. खऱ्या दम्यात श्वासनलिका आवळते आणि बऱ्याच अंशी पुन्हा सुटते. सीओपीडीत ती कायमची अरुंद झालेली असते, वायुकोशांच्या भिंती विरलेल्या असतात, आत घेतलेली हवा बाहेर पडता पडत नाही. निदान एका फुंकरीवर होतं. नलिका मोकळी करणारं औषध दिल्यावर पोटभर श्वास घेऊन जोरात फुंकायचं. पूर्ण सोडलेल्या हवेपैकी पहिल्या सेकंदात ७० टक्क्यांहून कमी बाहेर आली, तर अडथळा आहे असं समजायचं. जागतिक रोगभार अभ्यासाच्या हिशोबानं भारतात १९९० साली असे सुमारे २.८ कोटी रुग्ण होते, २०१६ साली साडेपाच कोटी.

माझी मावशी त्या साडेपाच कोटींतली. विडी राहोच, तिनं कधी मिसरीही लावली नाही. पण कोल्हापूर जिल्ह्यातल्या त्या घरात पन्नास वर्षं दोन वेळा चूल आणि पहाटे आंघोळीच्या पाण्याची वेगळी चूल. पावसाळ्यात ओली लाकडं, नाही तर शेणी. तिला तपासणीला नेलं तेव्हा तंत्रज्ञ मुलगी तोंडात नळी देऊन म्हणाली, ‘‘आजी, जोरात फुंका.’’ मावशी हसली. ‘‘बाई, जल्मभर दुसरं केलंय काय?’’ फुंकणी फुंकून फुप्फुस गेलेल्या बाईच्या हाती शेवटी दवाखान्यातही फुंकणीच येते. धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये लेख लिहिला आणि चुलीच्या धुराला त्याची जागा दाखवून दिली. तोवर पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांतला सीओपीडीचा रुग्ण म्हणजे सिगारेट ओढणारा म्हातारा गोरा पुरुषच असायचा.

फुप्फुसाच्या फुंकरीवरून हृदयाचं भविष्य कळतं, ही गोष्ट नवी नाही. फुंकर मोजणारं स्पायरोमीटर हे यंत्र १८४६ साली लंडनच्या जॉन हचिन्सन या शल्यचिकित्सकानं लोकांपुढं आणलं. त्यानं खलाशी, पैलवान, पोलीस, बुटके आणि उंच अशा दोन हजारांहून अधिक लोकांची फुंकर मोजली आणि त्या मापाला नावच ‘व्हायटल कपॅसिटी’ दिलं, म्हणजे जगण्याची ऐपत. आयुर्विमा कंपन्यांना याचा उपयोग होईल अशी त्याला आशा होती. कंपन्यांनी ती काही मनावर घेतली नाही. पुढं शंभराहून अधिक वर्षांनी हृदयरोगाच्या सुप्रसिद्ध फ्रॅमिंगहॅम अभ्यासात विल्यम कॅनेल आणि सहकाऱ्यांना दिसलं की ज्यांची फुंकर कमी, त्यांना पुढं हृदयविकार जास्त. १९८३ साली त्यांनी ते छापलं. १९९६ साली स्कॉटलंडच्या रेनफ्रू आणि पेझली या दोन गावांतल्या १५,४११ माणसांचा पंधरा वर्षांचा हिशोब आला. त्यातही फुंकर जितकी कमी, तितके हृदयविकाराचे मृत्यू जास्त. २०१५ साली सगळे अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा सीओपीडी असलेल्यांमध्ये हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांची शक्यता सुमारे अडीच पट भरली.

यावर पहिली शंका कुणालाही सुचेल: अहो, सिगारेट फुप्फुसही खाते आणि हृदयही खाते, मग दोन्ही आजार एकत्र दिसणारच! शंका बरीचशी रास्त आहे. वय, तंबाखू, गरिबी, बसून राहणं हे सामाईक धागे काढून टाकले तर जोखमीचा आकडा खाली येतो. पण तो शून्यावर येत नाही. स्कॉटलंडच्या त्या अभ्यासात कधीच न ओढणाऱ्यांतही कमी फुंकर आणि लवकर मृत्यू यांची जोडी दिसली. चुलीपुरतं पाहायचं तर ११ देशांतल्या ९१,३५० प्रौढांची ‘प्युअर’ अभ्यासातली आकडेवारी २०१९ साली आली. भारतही त्यात आहे. लाकूड-कोळसा-शेणीवर रांधणाऱ्या घरांत एकूण मृत्यू सुमारे १२ टक्क्यांनी जास्त आणि हृदय-रक्तवाहिन्यांच्या घटना सुमारे ८ टक्क्यांनी जास्त आढळल्या. सिगारेटच्या मानानं हे आकडे किरकोळ. पण सिगारेट ओढायची की नाही हे ओढणारा ठरवतो. चुलीपुढं बसायचं की नाही, हे मावशीला कुणी विचारलं नव्हतं.

फुप्फुस आणि धमनी यांच्यात मग नेमकं नातं काय? या साऱ्या विषयातला मला सर्वांत मोहवणारा भाग हाच.

धमनी म्हणजे नुसता पाइप नव्हे. हृदय आकुंचन पावतं तेव्हा महाधमनी फुगून त्या ठोक्याचा जोर अंगात घेते आणि हृदय विसावतं तेव्हा परत आक्रसून रक्त पुढं ढकलते. ही लवचीकता इलॅस्टिन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंमुळं असते. शरीर हे तंतू गर्भात आणि बालपणी भरपूर विणतं, नंतर जवळजवळ नाहीच. चड्डीचं इलॅस्टिक एकदा सैल पडलं की कितीही धुतलं तरी परत घट्ट होत नाही, तसंच हे. वायुकोशांच्या भिंतींतही हेच तंतू. श्वास सोडताना फुप्फुस आपोआप मिटतं ते यांच्याच जोरावर.

या तंतूंचा शत्रू १९६३ साली स्वीडनच्या माल्मो शहरात नकळत हाती लागला. कार्ल-बर्टिल लॉरेल आणि स्टेन एरिक्सन रक्तातल्या प्रथिनांच्या पट्ट्या तपासत होते. काही पट्ट्यांत एक रेघच नव्हती. ती रेघ अल्फा-१ अँटिट्रिप्सिनची. पांढऱ्या पेशी इलॅस्टिन खाणारं एक विकर सोडतात आणि हे प्रथिन त्याला आवरतं. ज्यांच्यात ते नव्हतं, त्यांतल्या काहींची फुप्फुसं तरुण वयातच विरली होती. धूर हीच लढाई दुसऱ्या वाटेनं बिघडवतो. पांढऱ्या पेशी खवळतात, विकरं सुटतात, आवरणारं प्रथिन निकामी होतं आणि तंतू तुटतात. मग मनात येतं, तंतू फुप्फुसातलेच तुटत असतील कशावरून? धमनीतले का नाहीत?

ते पाहायची रीत फार साधी आहे. रुग्णाला दहा मिनिटं निजवतात. एक संवेदक मानेतल्या नाडीवर, दुसरा जांघेतल्या नाडीवर, आणि मधलं अंतर टेपनं मोजतात, शिंपी मापं घेतो तसं. ठोक्याची लाट मानेशी आणि जांघेशी कधी पोचली, त्या फरकावरून तिचा वेग निघतो. मऊ धमनीत लाट सावकाश जाते, कडक धमनीत सुसाट. तरुणपणी सेकंदाला पाच-सहा मीटर. दहाच्या वर गेली की धमनी कडक समजायची. वेग दर सेकंदाला एक मीटरनं वाढला की हृदय-रक्तवाहिन्यांच्या घटनांची शक्यता साधारण १४-१५ टक्क्यांनी वाढते, असं अनेक अभ्यासांच्या बेरजेतून दिसतं. २००७ साली एडिंबरोच्या संशोधकांनी सीओपीडीच्या रुग्णांचे सीटी स्कॅन आणि हा वेग शेजारी शेजारी ठेवले. ज्यांचं फुप्फुस जास्त विरलेलं, त्यांची धमनी जास्त कडक.

तरी माझं मत सांगतो: ही जोडी दिसते, पण साखळी सिद्ध झालेली नाही. एकाच विकरानं दोन्हीकडं घाला घातला, की धुरानं दोघांना वेगवेगळं मारलं, की धाप लागते म्हणून माणूस हलेनासा झाला आणि त्यानं धमनी कडक झाली, हे वेगळं काढणं कठीण आहे. शिवाय धमनी कडक होणं आणि तिच्यात चरबीचा थर साचणं हे दोन वेगळे रोग आहेत, हे लेखालेखांत विसरलं जातं. थराचाही पुरावा आहे. रॉटरडॅमच्या वृद्धांवरच्या अभ्यासात २०१३ साली दिसलं की सीओपीडी असलेल्यांमध्ये मानेच्या धमनीची भिंत जाड असण्याचं प्रमाण सुमारे दुप्पट आहे, आणि त्यांच्या थरांत चरबीचा मऊ गाभा जास्त वेळा सापडतो. असा मऊ थर फुटतो आणि अचानक गुठळी होते. कडक थर एवढ्या सहज फुटत नाही.

बाकीच्या वाटा थोडक्यात. धुमसत्या फुप्फुसातून दाह रक्तात उतरतो, सीआरपी हे दाहाची खूण असलेलं प्रथिन वाढतं. प्राणवायू कमी पडला की रक्त दाट होतं आणि हृदयाच्या उजव्या बाजूवर भार येतो. आणि एक निव्वळ यांत्रिक गोष्ट: अडकलेल्या हवेनं फुगलेली फुप्फुसं हृदयाला दोन्ही बाजूंनी दाबतात, गर्दीच्या लोकलमध्ये माणसाला श्वास भरायला जागा मिळत नाही तसं हृदयाला रक्त भरायला मिळत नाही. याचा पुरावा सुबक आहे. २०१८ साली जर्मनीत ६२ रुग्णांना दोन आठवडे श्वासनलिका मोकळ्या करणारं दुहेरी इन्हेलर दिलं आणि हृदयाच्या डाव्या कप्प्यात जास्त रक्त भरू लागलेलं एमआरआयमध्ये दिसलं. औषध फुप्फुसाचं, फायदा हृदयाला.

आता ती गोष्ट, जी सामान्य वाचकानं लक्षात ठेवण्यासारखी आहे. सीओपीडीच्या रुग्णाचा धोका वर्षभर सारखा नसतो. छाती भरते, कफाचा रंग बदलतो, धाप वाढते, पंप पुरा पडत नाही. अशा भरीच्या दिवसांत धोका एकदम चढतो. ब्रिटनच्या २५ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींतून २०१० साली दिसलं की भर आल्यानंतरच्या पहिल्या पाच दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता सव्वादोन पटींहून थोडी जास्त असते. पुढं १६ हजारांवर रुग्णांच्या ‘समिट’ चाचणीत आधीच हृदयाची जोखीम असलेले लोक होते. तिथं भरीनंतरच्या पहिल्या महिन्यात हृदय-रक्तवाहिन्यांच्या घटना जवळजवळ चौपट, आणि भरीसाठी रुग्णालयात दाखल व्हावं लागलेल्यांत जवळजवळ दहापट. फ्लूचीही अशीच कथा. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात २०१८ साली दिसलं की फ्लूचं निदान झाल्यावरच्या सात दिवसांत झटक्याचं प्रमाण सुमारे सहापट होतं.

मावशीला तिची भर पावसाळ्यात आली. तालुक्याच्या गावी चार दिवस नेब्युलायझर आणि सलाईन. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, ‘‘छातीत जड वाटतंय, धोंडा ठेवल्यासारखं.’’ राऊंडवरचे तरुण डॉक्टर सभ्यपणे म्हणाले, ‘‘आजी, चार दिवस खोकताय. छाती दुखणारच.’’ ईसीजी काढला तो पाचव्या दिवशी, घाम फुटल्यावर. तोवर झटका येऊन गेला होता. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. धाप दोन्हीत लागते, घाम दोन्हीत फुटतो, आणि फुगलेल्या फुप्फुसामुळं ईसीजीच्या लाटाही बुटक्या आणि फसव्या दिसतात. ब्रिटनमधल्या हृदयविकाराच्या राष्ट्रीय नोंदवहीतही हेच दिसलं: सीओपीडीच्या रुग्णांत झटक्याचं निदान उशिरा होतं आणि उपचारही तोकडे मिळतात. याच धापेमागं कधी फुप्फुसातल्या धमनीत अडकलेली गुठळीही असते. फ्रान्समध्ये २०२१ साली धाप वाढून दाखल झालेल्या ७४० रुग्णांना पद्धतशीर तपासलं, तेव्हा सुमारे सहा टक्क्यांत ती सापडली.

उपचारांचा इतिहास मात्र निराशेचा आहे, आणि त्या निराशेचा अर्थही चुकीचा लावला गेला आहे. दाह कमी करतात म्हणून कोलेस्टेरॉलवरच्या स्टॅटिन गोळ्या सीओपीडीवर चालतील, ही मोठी आशा होती. ८८५ रुग्णांच्या ‘स्टॅटकोप’ चाचणीत २०१४ साली सिमव्हास्टॅटिननं भरी काही कमी झाल्या नाहीत. मग हृदयाचे ठोके संथ करणारे बेटा ब्लॉकर. ५३२ रुग्णांच्या २०१९ सालच्या चाचणीत मेटोप्रोलॉलनं भरी टळल्या नाहीत, उलट रुग्णालयात दाखल करावं लागणाऱ्या भरी वाढल्या. २०२४ साली ब्रिटनमध्ये बायसोप्रोलॉलचीही तीच परीक्षा झाली. फायदा नाही, पण तोटाही दिसला नाही. ‘समिट’मध्ये इन्हेलरनं मृत्यूंत ठोस घट झाली नाही.

पण यातल्या स्टॅटिन आणि मेटोप्रोलॉलच्या चाचण्या हृदयासाठी ज्यांना ती औषधं मुळातच हवी होती, त्यांना वगळून केल्या होत्या. म्हणजे प्रश्न होता, ‘हृदयाचं औषध फुप्फुसाला उपयोगी पडतं का?’ उत्तर आलं, ‘नाही.’ त्यावरून ‘सीओपीडीच्या रुग्णाला हृदयाचं औषध देऊ नये’ असा निष्कर्ष काढणं म्हणजे पायात बूट असून डोक्यावर पाऊस लागला म्हणून बूट फेकून देणं. झटका येऊन गेलेल्या सीओपीडीच्या रुग्णाला मेटोप्रोलॉल, बायसोप्रोलॉलसारखे हृदयापुरतं काम करणारे बेटा ब्लॉकर देता येतात. खऱ्या दम्यात सावधगिरी जास्त हवी, आणि म्हणूनच सगळ्याला ‘दमा’ म्हणायची सवय महागात पडते. बेटा ब्लॉकर टाळणाऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दुसऱ्या ओळीत श्वासनलिका मोकळ्या करणारं थिओफायलिन असतं. ते आपल्याकडं आजही सर्रास दिलं जातं. त्याची रक्तातली मात्रा थोडी चढली की नाडी पळते, ठोके चुकतात, आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखं प्रतिजैविक जोडीला आलं की ही मात्रा चढतेच. मेटोप्रोलॉलला बिचकणारा हात थिओफायलिनला बिचकत नाही, हे मला कधी उमगलेलं नाही.

खरी उणीव नव्या गोळीची नाही, मोजण्याची आहे. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि एक ईसीजी. छातीच्या ओपीडीत यातलं किती होतं, हे आपापल्या घरातली फाइल उघडून पाहावं. हृदयाची दहा वर्षांची जोखीम काढणाऱ्या गणितांतही सीओपीडी कित्येक वर्षं धरलाच नव्हता. ब्रिटनमध्ये ज्युलिया हिप्पिस्ली-कॉक्स यांच्या गटानं २०२४ साली काढलेल्या ‘क्यूआर-४’ या नव्या गणितात तो आला. त्या गणितातला आकडा आपल्या लोकांना जसाच्या तसा लागू पडेल असं नाही. पण रकाना तयार झाला, हे थोडं नाही.

आणि जुनं, कंटाळवाणं औषध: सोडणं. ‘लंग हेल्थ स्टडी’त विडी-सिगारेट सोडायला मदत मिळालेल्या गटात साडेचौदा वर्षांनंतरही मृत्यू कमी होते, आणि त्या गटातल्या सगळ्यांनी सोडलीही नव्हती. चुलीच्या बाबतीत हे ‘सोडणं’ बाईच्या एकटीच्या हातात नसतं. गॅसची टाकी घरात आली तरी ती पाहुण्यांच्या चहापुरती राहते, भाकरी चुलीवरच. उज्ज्वला योजना २०१६ साली आली. टाकी भरून आणायला पैसे नसले की चूल पेटतेच, हे खेड्यातल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

मावशी वाचली. शहरातल्या रुग्णालयात तिला स्टेंट बसवला आणि मेटोप्रोलॉल सुरू झालं. महिन्यानं ती खालच्या मजल्यावर छातीच्या डॉक्टरांकडं गेली, त्यांनी ते खोडलं: ‘दमा आहे, चालणार नाही.’ वरच्या मजल्यावर हृदयाच्या डॉक्टरांनी परत लिहिलं. मेडिकलवाल्या पोरानं दोन्ही कागद शेजारी ठेवून विचारलं, ‘‘मावशी, यातलं कुठलं खरं?’’ शेवटी भाच्यानं एका डॉक्टरांचा फोन दुसऱ्यांच्या कानाला लावला. तीन-चार मिनिटांचं बोलणं झालं. गोळी अर्ध्या मात्रेत सुरू झाली, थिओफायलिन बंद झालं, धाप काही वाढली नाही. तेव्हापासून मावशी प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स काढते, एक खालच्या मजल्यासाठी आणि एक वरच्या.